क्रुसापुढच्या लदीनची अट

मी, स्टेला साल्वादोर लोबो, वय ७४, राहणार कट्टा, ता. मालवण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. गुडघे कुरकुरतात, पण डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. घर, विहीर व काजूची बाग माझी एकुलती एक मुलगी लिंडा हिला. सॅम्युएलशी लग्न करून तिने आमचा कॅथलिक पंथ सोडून त्याचा प्रोटेस्टंट पंथ घेतला, तेव्हा मी वर्षभर अबोला धरला होता. आता तो राग उरलेला नाही.

२. शिसवी कपाट नणंद ग्लिनिस हिला. क्रुसापुढे लदीनची प्रार्थना म्हणताना माझी चाल चुकते, असे ती गावभर सांगते. कपाट न्यावे, चाल सुधारू नये.

३. बँकेतील ठेवीतून माझ्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा व्हाव्यात. मेलेल्यांसाठी प्रार्थना जावयाच्या पंथात बसत नाही. तो चर्चबाहेर थांबला तरी चालेल.

४. आता अंगणातला क्रूस. दर मे महिन्यात त्याच्यापुढे आम्ही लदीनची प्रार्थना म्हणतो. तिच्यातले शेवटचे कोकणी गीत कोठेही लिहिलेले नाही. सासूबाईंच्या तोंडून मी शिकले. सॅम्युएलचे म्हणणे, जे बायबलात नाही ते श्रद्धेवर लादू नये. माणसांच्या रूढीपायी देवाची आज्ञा मोडू नका, असे येशूनेच बजावले आहे. माझे म्हणणे, प्रेषितांनी आधी तोंडीच शिकवले, आणि ती तोंडी शिकवणही धरून ठेवा, हे पौलाने त्याच बायबलात लिहिले आहे. वीस वर्षे आम्ही यावर भांडतो आहोत. लदीननंतरचे उकडलेले चणे मात्र तो ओट्यावर बसून आवडीने खातो. असा वाद घालणारा जावई मिळाला, याचा मला आनंदच आहे.

गेल्या मे महिन्यात ऐन गीताला माझा आवाज बसला. पुढचे कोणालाच येईना. तेव्हा ओट्यावरून सॅम्युएलने ते अखेरपर्यंत म्हटले, तेही माझ्याच चालीत. नंतर म्हणाला, “मांय, माका पटणा नाय, पण पाठ आसा.”

लदीन चालू राहिली तरच घर लिंडाला, अशी अट वकिलांनी सुचवली. माझ्यामागे क्रूस मुका होईल, ही एकच धास्ती मला होती, म्हणून ती मसुद्यात घातली आणि सॅम्युएलला वाचून दाखवली. तो म्हणाला, “ही अट काढा, मांय. लिवलात तर ती माका पाळूचीच लागतली. तुमी तोंडान सांगलात म्हणान मी लदीन म्हणतलंय.”

अट काढली आहे.

ठिकाण : कट्टा
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५
सही : स्टेला साल्वादोर लोबो

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली :
१. गंगाराम धुरी, शेजारी
२. भक्ती धुरी, शेजारी