प्रस्थान ठेवले आहे

३ नोव्हेंबर
आज प्रवासाला निघालो. म्हणजे प्रस्थान ठेवले. मुहूर्त सकाळचा होता आणि गाडी अजून ठरायची होती, म्हणून माझी बॅग शेजारी अख्तरबी चाचींच्या ओसरीवर नेऊन ठेवली. मुहूर्तावर बॅग उंबऱ्याबाहेर पडली की माणूस निघाला असे आमच्याकडे धरतात. काम झाल्याशिवाय ती पुन्हा घरात घ्यायची नाही. तेव्हा आजपासून मी प्रवासी. पुस्तकाचे नावही ठरले: 'जग, जसे मी पाहिले'.

जायचे आसामात, सिलचरला. दादासोमामाचे तिथे गलाईचे दुकान आहे, म्हणजे सोनारांकडचे जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करायचे. आमच्या विट्याकडची माणसे याच धंद्यापायी देशभर पसरली. मामा कोइमतूर, कटक, काठमांडू असे करत जन्मभर फिरला. ना बायको, ना पोर. अॅसिडच्या धुराने छाती गेली आहे. एकट्याला रेल्वे झेपणार नाही, म्हणून त्याला घरी आणायचे. आई म्हणाली, तूच जा, संयोगिताची परीक्षा हाय. (धाकटी बहीण. सांगलीत विश्रामबागला कॉलेजात. मी बारावीनंतर स्वतंत्र अभ्यास करतो.)

६ नोव्हेंबर
मामाचा फोन. कवा निघतोयस, म्हणाला. निघालो आहे, असे सांगितले. हसला. मग बराच वेळ खोकला. पुस्तकासाठी हिमालयाबद्दल विचारले. म्हणाला, "काठमांडूत पहाटं डोंगर पेटल्यागत दिसायचं म्हनत्यात. मी भट्टीम्होरं असायचो. बघायचं ऱ्हाऊनच गेलं की रं."
मामा जग फिरला, पण निरीक्षण नाही. ती उणीव मी भरून काढणार.

११ नोव्हेंबर
नॉर्वेचे तीन व्हिडिओ पाहिले. तिथे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही, म्हणून लोक शांत. नोंद केली. आज निघणार होतो, पण स्वेटर एकच आहे आणि आसामच्या थंडीचा अभ्यास अपुरा वाटला.
चाचींनी हाक मारली, "काय रं प्रवाशा, आसामचा च्या पितोस का माझ्या हातचा?" प्यायलो. परक्या माणसांचे आदरातिथ्य यावर एक प्रकरण होईल.

१६ नोव्हेंबर
निघालो! कराडहून गाडी पकडली. बसायला खिडकी मिळाली. साताऱ्यापुढे बोगदे लागले. एका बोगद्यात उजेड गेला आणि श्वास घेता येईना. माझीही छाती मामासारखी नाजूक असावी. दोन आजारी माणसे एकमेकांना काय सांभाळणार? लोणंदला उतरलो. बाजार पाहिला. माणसे मोकळ्या स्वभावाची वाटली. कांदा फार.
रात्री परत. बॅग घरात घेता येत नाही, म्हणून पुन्हा चाचींकडे. आईने जेवायला वाढले, पण बोलली नाही. प्रवासातला एकटेपणा म्हणतात तो हाच असणार.

२१ नोव्हेंबर
मामाचा आवाज बारीक झालाय. म्हणाला, तोंडाला सारखी पितळेची चव येतीया. मग म्हणाला, "कुठल्या बी मुलखात माणूस दुखायला लागलं की आपल्याच भाषेत कण्हतंय बघ. हितं माझं कण्हणं कुनाला कळंना."
फार उपयुक्त. प्रकरण तिसरे: भाषा. सोमवारी नक्की निघतो.

२५ नोव्हेंबर, सोमवार
पित्त उसळले.
दुपारी मामाचा नंबर लागला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता, भाता ओढल्यासारखा. मी चार वेळा हॅलो म्हटले. नेटवर्क.

२६ नोव्हेंबर
ओसरीवर बॅग नाही. चाची म्हणाल्या, संयोगिता पहाटे सांगलीहून आली, उचलली आन गेली. आज तिचा पेपर होता. मी विचारले, मला का उठवले नाही? चाची म्हणाल्या, "ती म्हनली, ऱ्हाऊ दे, तो प्रवासात हाय."
बॅग माझीच आहे. रीतीप्रमाणे पाहिले तर मीच निघालो.

२ डिसेंबर
संयोगिताचा फोन. मामा गेला. तिला एक दिवस भेटला. डोळे नीट उघडत नव्हते. उशाशी ठेवलेली माझी बॅग हाताने चाचपली आणि विचारले, "ऋषी आला?" तिने सांगितले, व्हय मामा, आलाय. मग त्याला झोप लागली.
म्हणजे मामाच्या दृष्टीने मी पोचलो.
आई स्वयंपाकघरात आहे. भांड्यांचा आवाज येत नाही.

८ डिसेंबर
संयोगिता आली. वाळली आहे. मामाच्या अस्थी माझ्या बॅगेतून आल्या. आईने दर्शन घेतले. अस्थी घरात घ्यायच्या नसतात. मी पुढे झालो: कराडला संगमावर मीच नेणार. हे काम नीट करणार. मधे बोगदाही नाही.
कलश चाचींच्या दारच्या कडुलिंबाला बांधला. बॅग त्यांच्याच ओसरीवर. प्रस्थान ठेवले.

१० डिसेंबर
एसटीला गर्दी होती. अशा वेळी मन शांत हवे. कलश वाऱ्याने हलतो आणि फांदीवर टक् टक् वाजतो. खिडकी लावून घेतली.

१२ डिसेंबर
सकाळी आवाज नाही. कडुलिंबाला नुसती दोरी. चाची म्हणाल्या, "पहिल्या गाडीनं माय-लेकी घिऊन गेल्या. आईनं तुला हाक मारली व्हती. तू जागा हुतास, मला दिसत हुतं." मग म्हणाल्या, "आता बॅग न्हे घरला. झालं काम."
बॅग उघडली. माझा स्वेटर वर होता. कोपरांशी ताणलेला, अॅसिडचा वास. मामाने घातला असावा.
बॅग उचलली. त्यांच्या ओसरीपासून आमच्या उंबऱ्यापर्यंत आणायची होती. मधे एकदा खाली ठेवावी लागली.