किल्ली गाडीतच होती

आई, मेस बंद केलेली नाही हे आधी सांगते, नाहीतर तुझा जीव तिथंच अडकायचा. भाकऱ्या आता दोघी बायका थापतात, आमटीला फोडणी मात्र मीच देते, आणि डबे पोचवायला चारचाकी चालवायला शिकले. तू असतीस तर म्हणाली असतीस, आता एवढंच बघायचं ऱ्हायलं होतं! पण लिहायला बसले ते मेससाठी नाही. आपल्या शेजारी एक कुटुंब आहे, तू गेल्यावर कळंब्यात राहायला आलेलं. त्यातला कर्ता माणूस शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा. दिवाळीनंतर गेला. सकाळी पोरं सोडून आला, चहा मागितला आणि चहा उकळेपर्यंत खुर्चीतच संपला. वय पंचेचाळीसच्या आत. मागं बायको, दहावीतली मुलगी, म्हातारी आई आणि दारात ती व्हॅन. शेत नाही, दुसरी गाडी नाही, काही नाही.

तुझं एक बोलणं मी आजवर पाळत आले. मी सहावीत असेन. समोरच्या काकूंचे मालक वारले होते. तू पिठलं-भाकरीची बुट्टी घेऊन गेलीस, मी तुझ्या मागं. मी आपलं विचारलं, "काकू, जेवलासा काय?" आणि त्या ढसाढसा रडायलाच लागल्या. घरी आल्यावर तू चुलीपुढं बसलीस आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस, "मयताच्या घरात काय पायजे म्हणून इचारायचं न्हाय. डोळ्याला दिसंल ते काम उचलायचं आणि गप माघारी यायचं." तू तसंच करायचीस. कुणाचं पाणी भरायचीस, कुणाच्या म्हशीची धार काढायचीस, आणि निघताना 'येते' असंसुद्धा म्हणायची नाहीस. मला ते सोयीचं पडलं. अशा घरात काय बोलायचं ते मला अजून कळत नाही, काम मात्र दिसतं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं. सकाळी सातपासून पावणं यायला लागले आणि दारात व्हॅन उभी, खुर्च्या मांडायला जागा नाही. आता आपल्या गल्लीची एक रीत झाली आहे. गल्ली अरुंद, म्हणून गाडी लावली की किल्ली गाडीतच ठेवायची; आडवी आली तर कुणीही काढून बाजूला लावतो. आजवर कुणाचं काही गेलेलं नाही. मी कुणाला विचारलं नाही. तो गेल्यावर कुणीतरी किल्ली त्यांच्या दाराच्या आतल्या खिळ्याला अडकवली होती, ती घेतली, व्हॅन काढली आणि गल्लीच्या तोंडाला, पाण्याच्या टाकीजवळच्या मोकळ्या जागेत नेऊन लावली. किल्ली सवयीनं गाडीतच ठेवली. ती जागा गल्लीत नाही, मोठ्या रस्त्याला लागून आहे, एवढी अक्कल मला सुचली नाही. आले ती सरळ खुर्च्या मांडायला लागले. तूच समोर असल्यासारखं वाटत होतं. चांगलं काम केलं असं वाटत होतं गं.

पंचगंगेवर निवद ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढायला लागलं. भिंतीवर चार कावळे बसलेले, खाली एक येईना. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडले, "पोरीचं शिक्षान आमी बघतो." कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, "आईला अंतर देनार न्हाय." तरी नाही. मग त्याची बायको, जी तीन दिवस भिंतीला टेकून बसली होती, एक शब्द बोलली नव्हती, ती पुढं आली. साधंच बोलली, भाजीवालीशी बोलावं तसं. "गाडी इकनार न्हाय मी. सोमवारपासनं पोरं मीच सोडीन. तुमी शिकीवलंय न्हवं मला?" कावळा आला. सगळे रडले. मीही रडले, आणि त्यानंतर आजपर्यंत मला नीट रडू आलेलं नाही.

परत आलो तर टाकीजवळ व्हॅन नव्हती. आधी वाटलं, कुणीतरी आणखी पुढं लावली असेल. साऱ्या गल्लीत विचारून झालं. दुपारी मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. गाडीची कागदपत्रं मीच पिशवीत भरून घेतली होती, कारण ते काम दिसत होतं. हवालदार बरा माणूस होता. पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, किल्ली कुठं होती?" मी तोंड उघडणार तोवर ती म्हणाली, "गाडीतच ऱ्हायली. माझ्याच हातनं ऱ्हायली असनार. मला काय सुदच न्हवती." तिला खरंच तसं वाटत होतं, आई. ती मला वाचवत नव्हती. त्या दिवशी आपण काय केलं, काय नाही, हे तिला आठवतच नव्हतं, म्हणून जे झालं ते तिनं स्वतःकडं घेतलं. हवालदारानं लिहून घेतलं. मी शेजारच्या बाकावर बसून होते. पंखा फिरत होता. मी गप्प बसले.

व्हॅन अजून सापडलेली नाही. सासू तिला उठता-बसता ऐकवते, "ल्योकाची एक खूण हुती, ती बी घालीवलीस." ती उलट बोलत नाही. मी मात्र लागले कामाला. आठवडाभर मेसच्या गाडीतून दोन फेऱ्या करून तिची पोरं शाळेत सोडली, नाहीतर आईबापांनी दुसरी व्हॅन बघितली असती. राजारामपुरीतल्या एका म्हाताऱ्या व्हॅनवाल्याला गुडघ्यामुळं गाडी चालवायला जमत नव्हतं, त्याची व्हॅन तिला चालवायला मिळवून दिली. कागद, परवाने, सगळ्या खेपा मी घातल्या. आता ती चालवते, चांगली चालवते. गल्लीतले म्हणतात, शेजारीण असावी तर अशी. मला काही वाटत नाही, ना बरं ना वाईट. हात चालतात, आमटी होते, डबे जातात. कधी कधी तुझाच राग येतो. विचारायचं नाही हे शिकवलंस, पण आपल्या हातून काही बिघडलं तर कधी सांगायचं, ते शिकवलं नाहीस. मग म्हणते, आईवर काय ढकलतेस, पन्नाशी उलटली तुझी.

हे तुला लिहिते कारण ते तुझ्यापर्यंत पोचणार नाही. शेजारच्या दारात मात्र लगेच पोचेल, आणि ते दार माझ्या दारापासून दहा पावलांवर आहे.

काल संध्याकाळी ती पोरं सोडून आली, व्हॅन लावली आणि आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. हातात किल्ली. म्हणाली, "आक्का, ही रोज रातीची तुमच्याकडंच ठेवा की. माझा काय भरवसा न्हाय, माझ्या हातनं ऱ्हाती गाडीत." मी पिठाचा हात पदराला पुसला आणि किल्ली घेतली.