खळीच्या पातेल्यावरून लागलेले सील काढण्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
खाद्यगृह शाखा, विभाग कार्यालय,
मुंबई.

विषय: काळाचौकी येथील आमच्या बाइंडिंगखान्यास ‘विनापरवाना खाद्यगृह’ ठरवून आतल्या खोलीस लावलेले सील काढून मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपली नोटीस, दि. २० मे. २) नमुना तपासणी अहवाल, दि. २८ मे.

महोदय,

१. मी रसायनशास्त्राची पदवीधर असून वडिलांच्या पश्चात हा बाइंडिंगखाना चालवते. येथे पुस्तकांची शिलाई व बांधणी होते. अन्न शिजत नाही. आमचा डबाही घरून येतो.

२. शेजारच्या भजीच्या दुकानाची तपासणी करून आपले निरीक्षक आमच्याकडे डोकावले, तेव्हा आमच्या जुन्या कारागीर श्रीमती मालन परब मैद्याची खळ ढवळत होत्या. पुठ्ठ्यावर कापड चिकटवायला ती लागते. “कोणासाठी एवढं करता?” असे निरीक्षकांनी विचारले. “पुस्तकांसाठी. चाखून बघा साहेब, उद्यापासनं हापिसात यायला नको,” असे त्या म्हणाल्या. नोटिशीत याची नोंद ‘निरीक्षकांस पदार्थ देऊ केला’ अशी आहे. श्रीमती परब यांचा स्वभाव थट्टेचा आहे, हे मी मान्य करते.

३. नोटिशीनुसार आम्ही दरपत्रक लावायचे, कामगारांस टोप्या द्यायच्या आणि शाकाहारी-मांसाहारी असा फलक लावायचा आहे. खळ शाकाहारी आहे. तथापि दुसऱ्या डब्यातला, चिकटवायलाच लागणारा सरस जनावरांच्या कातड्यापासून होतो, त्यामुळे तिथे वेगळा ठिपका लागेल. दरपत्रकात काय लिहावे हे मला सुचलेले नाही.

४. अहवालात आमची खळ ‘मानवी सेवनास अयोग्य’ ठरली आहे. या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत आहे. कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद असते आणि मोरचूद विषारी आहे. मात्र याच अहवालावरून निकृष्ट अन्न बनवल्याचा ठपका आमच्यावर आला आणि आतली खोली सील झाली.

५. आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर मी तीनदा गेले. “मॅडम, आधी खाद्यगृहाचा परवाना घ्या, मग तो रद्द करायचा अर्ज द्या. सोपं आहे,” असा सल्ला तिथे मिळाला. त्यासाठी दिलेल्या फॉर्ममध्ये ‘एका वेळी किती ग्राहक बसतील’ असा रकाना आहे. तो मी कोरा ठेवला, म्हणून फॉर्म परत आला.

६. या खोलीत गिरगावातील एका मुलींच्या शाळेची जुनी पुस्तके अडकली आहेत. शिलाई झाली आहे, पुठ्ठे चढायचे आहेत. शाळा उघडण्यापूर्वी ती पोचली नाहीत तर त्यांचे कपाट काढून तिथे संगणक बसणार आहे आणि पुस्तके रद्दीत जाणार आहेत. मुख्याध्यापिका सरोजिनीबाई यांनी हे फोनवर सांगितले आणि “तुमची खानावळ कशी चाललीय?” असेही विचारले. बातमी गिरगावापर्यंत गेली आहे. पुठ्ठ्यांचे काम लांबले तर चालते, पण त्या कपाटाची जागा एकदा गेली की परत मिळणार नाही.

७. आता मुख्य मुद्दा. सील लावताना निरीक्षकांच्या डिंकाची बाटली वाळलेली निघाली. त्यांनी आमच्याकडे काही चिकट आहे का असे विचारले. श्रीमती परब यांनी वाटीत काढून ठेवलेली खळ ब्रशने लावून दिली आणि निरीक्षकांनी कागदी पट्टी सरळ धरून दारावर दाबली. ती आजही घट्ट आहे. सबब, ती खळ अन्न असेल तर शासकीय सील अन्नाने लावले गेले आहे आणि ते ग्राह्य धरावे काय, हे आपण ठरवावे. ती चिकटवण्याची वस्तू असेल तर सीलची गरजच उरत नाही. तिसरी शक्यता मला आढळलेली नाही.

८. खळीचा एक गुण असा की तिने चिकटवलेले ओल्या फडक्याने अलगद सुटते. जुन्या पुस्तकांना म्हणूनच ती वापरतात. ही पट्टीही अखंड निघेल आणि पुन्हा जशीच्या तशी लावता येईल. आम्ही तसे केलेले नाही. तरी निरीक्षकांना शाळा उघडण्याआधी एकदा पाठवावे. फडके आम्ही भिजवून ठेवू.

पट्टीला हात न लावता थांबलेली,
मधुरा धैर्यवान
काळाचौकी, दि. ३ जून

सोबत: १) नोटीस व अहवालाच्या प्रती. २) खळीने चिकटवलेले दोन कागद, नमुन्यादाखल (चाखू नयेत).