वेताच्या चेंडूचं टोक

बाबा, तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. राहून गेली म्हणणंही खरं नाही. तुम्ही ओट्यावर बांबू सोलत बसायचात, मी शेजारीच असायचो. सांगायला भरपूर वेळ होता. मी बोललो नाही.

सगळं सुरू झालं ते शाळेच्या खुर्च्यांवरून. तुमचं मूळ काम बुरुडाचं, म्हणजे टोपल्या, सुपं आणि मासळीवाल्या बायकांच्या पाट्या. पण वर्षातून एकदा शाळेतल्या खुर्च्यांना वेत बसवायलाही तुम्हाला बोलवायचे. मी तेव्हा त्याच शाळेच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीत होतो. आमचे पीटीचे सर कुठल्याशा शिबिराहून एक नवाच खेळ शिकून आले होते, सेपाक टकरा. मधे बॅडमिंटनएवढ्या उंचीची जाळी, दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू आणि वेताचा पोकळ चेंडू. हात लावायचा नाही. पाय, गुडघा, छाती, डोकं, काहीही वापरा आणि चेंडू पलीकडे घालवा. पनवेलमध्ये सगळे त्याला पायांचं व्हॉलीबॉल म्हणायचे आणि हसायचे. सरांनी आणलेला एकुलता एक चेंडू महिन्याभरात उसवला. तुम्ही स्टाफरूमबाहेर खुर्ची उलटी करून बसला होतात, तेव्हा सरांनी तो तुमच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "हा शिवता येईल का?" तुम्ही तो बराच वेळ फिरवून पाहिलात. "हे शिवत नाय सर, विणतात. पण आदी सगळा सोडवून बघायला लागंल."

तुम्ही तो घरी आणून सोडवलात. एकेक वेत काढताना जमिनीवर कोळशाने रेघ मारून ठेवत होतात, कुठला वेत कुणाच्या वरून गेला आणि कुणाच्या खालून. मी कॉलेजातून यायचो तेव्हा ओट्यावर ती रेघांची जाळी दिसायची आणि आई तिच्यावरून उडी मारून आत जायची. वेत मऊ करायला तुम्ही तिचा भाताचा टोप घेतलात आणि चुलीवर त्यात वेताची वेटोळी उकळत ठेवलीत. आई म्हणाली, "आज पोरांना वेतच वाढते." तुम्ही हसलात, पण टोप उतरवला नाहीत. पहिला चेंडू लिंबासारखा एका बाजूला टोकदार झाला, दुसरा इतका सैल की पायावर बसतच नव्हता. चौथा सरांनी मैदानात नेला आणि दुपारभर आम्ही त्याच्याशी खेळलो. तुम्ही कुंपणाशी उभे राहून चेंडूकडे बघत होतात. आमच्यापैकी कोण कसं खेळतं, ते तुम्ही पाहिलंच नाहीत.

एकदा मी नवा विणलेला, अजून ओला असलेला चेंडू अंगणात भिंतीवर मारत होतो. तुम्ही आतून आलात आणि चेंडू माझ्यापुढून उचलून घेतलात. "याला वाळू दे. तुज्या पायाला घाई हाय, याला नाय." एवढंच बोललात. मला राग आला होता. पुढे सामन्यात घाईने मारलेला चेंडू जाळीत गेला की दर वेळी मला ते आठवायचं.

चेंडू चांगले होत गेले, पण एक गोष्ट तुम्हाला शेवटपर्यंत जमली नाही, निदान तुम्हाला तसं वाटायचं. वेताचं शेवटचं टोक कुठे लपवायचं? तुम्ही ते आतल्या दोन पदरांमधून वळवून परत मागे घ्यायचात, पण जोरात लाथ बसली की कधीतरी ते बाहेर यायचं आणि आमच्या पावलांवर ओरखडे उठायचे. तुम्ही माझा पाय मांडीवर घेऊन ते ओरखडे बघायचात. खोबरेल लावायला आईला हाक मारायचात आणि स्वतः चेंडू घेऊन बसायचात.

पुढे मी राज्याच्या संघात आलो, मग भारताच्या शिबिरात. तिथे एक फॉर्म भरायचा होता. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'व्यापार' असं लिहिलं. माझ्या खोलीतल्या मुलाचे वडील इंजिनिअर होते. त्याने माझ्या बॅगेतला तुमचा चेंडू उचलून विचारलं, "ये कहाँ से लिया?" मी म्हणालो, "बाजार से." त्या वेळी ते इतकं सहज तोंडातून गेलं की त्याला खोटं म्हणावं असंही मला वाटलं नाही.

थायलंडच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी माझं नाव आलं, तेव्हा आपल्या आळीत तुम्ही कुणाला मुद्दाम सांगायला गेला नाहीत, पण महिनाभर कुणीही आलं की तुम्ही त्याला चहा घेतल्याशिवाय सोडत नव्हतात. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला एक नवा चेंडू दिलात. इतका गोल चेंडू मी तुमच्या हातून झालेला पाहिला नव्हता. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळला होता. "तिकडं याचे जुने कारागीर असतील," तुम्ही म्हणालात. "एकाला तरी दाखव. बरा-वाईट काय तो म्हणू दे. आणि टोक कुटं लपवतात, तेवडं विचार." मी हो म्हणालो. तुम्ही पुन्हा म्हणालात, "विसरशील." मी म्हणालो, "नाही विसरणार बाबा."

मी विसरलो नव्हतो. तेच तर सांगायचं आहे.

तिथे सगळे सामने प्लॅस्टिकच्या विणलेल्या चेंडूने होत होते. तो वेगळाच उसळायचा. आम्ही तिन्ही सामने हरलो. त्यांचे खेळाडू हवेत पाठमोरे उलटे होऊन जाळीवरून लाथ मारायचे आणि आम्ही तोंड उघडं ठेवून बघत राहायचो. शेवटच्या दिवशी बाजूच्या सरावाच्या हॉलमध्ये मी एकटाच तुमचा चेंडू घेऊन पायावर उडवत होतो. त्यांच्या संघाच्या पायांना तेल लावणारा एक म्हातारा भिंतीशी बसला होता. आवाज ऐकून तो उठून आला. प्लॅस्टिकचा आवाज वेगळा आणि वेताचा वेगळा, हे त्यालाच कळणार. त्याने हात पुढे केला. चेंडू कानाशी धरून दाबला, मग नखाने एकेक पदर चाचपत गेला. कितीतरी वेळाने त्याला टोक सापडलं, आणि बाबा, तो हसला. आमच्याबरोबर दुभाषी म्हणून दिलेली एक कॉलेजची मुलगी तिथे होती, तिला त्याने हाक मारली. ती मला इंग्रजीत सांगू लागली. यांचे वडील असेच चेंडू विणायचे. यांच्या गावात आता कुणी विणत नाही. हा चेंडू फार चांगला आहे. टोक लपवायची ही पद्धत यांनी पाहिलेली नाही, यांच्याकडे वेगळी आहे. आणि ते विचारताहेत, हा कुणी विणला?

म्हातारा तोवर आपल्या पिशवीतून एक जुना, काळा पडलेला चेंडू घेऊन आला होता. माझ्यासमोर खाली बसून त्याने त्याचा एक पदर सैल करायला सुरुवातही केली, मला दाखवायला. तेवढ्यात शिबिरात माझ्या खोलीत असलेला तो मुलगा दारात आला. "चल, बस लग गई." मग तोही आत येऊन बघत उभा राहिला. मुलीने पुन्हा विचारलं, कुणी विणला? मी म्हणालो, ठाऊक नाही, बाजारातून घेतला. तिने ते त्याला सांगितलं. त्याचा हात थांबला. त्याने बाजाराचं नाव विचारलं. मी म्हणालो, आठवत नाही, बस थांबली आहे. त्याने तुमचा चेंडू परत पुढे केला, तर मी तो त्यालाच देऊन टाकला, म्हणजे आणखी काही बोलावं लागू नये. त्याने दोन्ही हात जोडून तो कपाळाला लावला. मी बसमध्ये जाऊन खिडकीशी बसलो आणि सैल केलेला पदर तो आता पुन्हा आवळत असेल, असं माझ्या मनात येत राहिलं.

घरी आलो. तुम्ही आधी मला जेवू दिलंत. मग विचारलंत, "चेंडू?"

"राहिला तिकडेच."

"बगितला कुणी?"

कुणी बघितला म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही पुढचं विचारलं असतं. काय म्हणाला, तू काय सांगितलंस, माझं नाव घेतलंस का. म्हणून मी म्हणालो, "तिकडे सगळं प्लॅस्टिकचं आहे आता. कुणी हातातसुद्धा घेतला नाही."

"टोकाचं?"

"विचारायला होतं कोण?"

तुम्ही "बरं" म्हणालात. दुसऱ्या दिवशी घरात उरलेले तीन चेंडू तुम्ही उसवलेत आणि त्या वेताने शाळेच्या खुर्च्या विणून दिल्यात. त्यानंतर तुम्ही चेंडू विणला नाहीत. मासळीच्या पाट्याही प्लॅस्टिकच्या यायला लागल्या होत्या, तेव्हा काम तसंही कमी झालं होतं. लग्नसराईत सुपं आणि एरवी ओट्यावर नुसतं बसून राहणं. मला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत. तुम्ही गेल्यावर काही महिन्यांनी आई सहज बोलून गेली, "ते म्हणायचे, आपलंच टोक चुकलं आसंल, म्हणून परक्यांनी हातात नाय घेतला." मी तेव्हा उठून बाहेर गेलो आणि आळीच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो. ती वाट बघत होती का, ते मी पाहिलं नाही.

टोक चुकलं नव्हतं, बाबा. जाणकार माणसाने ते नखाने शोधलं आणि त्याला वेळ लागला. हे वाक्य मी तुम्हाला ओट्यावर बसून कधीही सांगू शकलो असतो. ते सांगायचं तर माझ्या लाजेचंही सांगावं लागलं असतं, आणि ती लाज झाकून ठेवण्यासाठी मी तुम्हाला तुमच्या हातावर संशय घेऊ दिला, सहा वर्षं.

आता आम्ही खांदा कॉलनीत राहतो. आई माझ्याजवळच असते, कान गेलेत पण बाकी ठीक आहे. पाहुणे आले की ती अजून सांगते, आमचे हे चेंडू करायचे, पोरगा परदेशात घेऊन गेला, पण तिकडं कुणी विचारलं नाही. मी तिथेच बसलेलो असतो आणि मान हलवतो. आज म्हटलं, तुम्हाला नाही तर निदान तिला तरी सांगावं, म्हणून हे लिहायला बसलो. लिहून झालं की तिच्या कानाशी मोठ्याने वाचेन. मगाशी ती काठी टेकत आली, माझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि म्हणाली, "सकाळपास्नं काय लिवतोस एवडं?"

मी कागदावर हात ठेवला आणि म्हणालो, "सोसायटीचं पत्र आहे."