बॅटरीबद्दल सभ्य भाषेत लिहावे

४ जून २००६, रविवार
आजपासून मी मॉडरेटर. आमच्या हॅम रेडिओवाल्यांच्या ईमेल ग्रुपवर सव्वीस मेंबर. बहुतेक जव्हार-मोखाड्याचे, दोघे नाशिकचे, एक वसईचा. मे महिन्यात अँटेना किती उंच असावी यावरून वाद निघाला आणि आठव्या मेसेजला तो कोणाच्या तरी वडिलांपर्यंत गेला. तेव्हाच ठरलं, इथे जबाबदार माणूस हवा. निवड बिनविरोध. सहा मतं पडली. बाकीच्यांनी मत दिलं नाही, म्हणजे त्यांचा विश्वासच.
यापुढे प्रत्येक मेसेज आधी माझ्याकडे. मी पास केला तरच तो सगळ्यांना दिसणार.
संकल्प: एकही अपशब्द येऊ द्यायचा नाही. रोज शाळा सुटली की नवेदच्या सायबर कॅफेत जायचं. पुढच्या रविवारी टेकडीवर जाऊन रिपीटर, म्हणजे आमचे आवाज पुढे टाकणारं यंत्र, बघायचा. त्याच्या खोपटाची किल्ली माझ्याकडेच आहे, गेल्या वर्षापासून.
चंद्रकलेला सांगितलं. बरं म्हणाली आणि खोडाळ्याची जीप पकडायला गेली. पावसाळ्यात ती आठवडाभर तिकडेच उपकेंद्रावर राहते. नर्स असल्यामुळे तिला इंटरनेटचं गांभीर्य कळत नाही.

९ जून
नियमावली तयार. अकरा नियम. नवेदला वाचायला दिली. म्हणाला, सर, यात सभ्य हा शब्द एकोणीस वेळा आलाय. मोजला म्हणजे पोरगा लक्ष देऊन वाचतो.

११ जून, रविवार
टेकडी राहिली. गुडघा.

१४ जून
पहिली केस. अनीसचा मेसेज. अनीस म्हणजे इथल्या जव्हारच्या बाजारातला रेडिओ-टीव्ही रिपेअरवाला. हाताला चांगला, तोंडाने फटकळ. लिहितो: टेकडीवरची बॅटरी बसलीय. दहा मिनिटांत आवाज मरतो. तुळशीदास गुरुजी नियम लिहीत बसलेत. पाऊस वाढायच्या आत बदला, नाहीतर किल्ली द्या.
परत पाठवला. नियम तीन, नाव घेऊन टीका. शेरा दिला: शब्द बदलून पाठवावे.
रिपीटर नसेल तर खोडाळ्याचा आवाज डोंगर ओलांडून जव्हारला पोचत नाही, हे त्याने मला शिकवू नये. मी विज्ञान शिकवतो. गेल्या श्रावणात खोडाळ्याकडच्या जिव्याला साप चावला तेव्हा फोन बंद होते. खोडाळ्याच्या रघु मास्तरांनी सेटवर हाक दिली, अनीसने दुकानात ऐकली, धावत हॉस्पिटलात गेला, गाडी निघाली. जिव्या वाचला. त्यावर ग्रुपवर अभिनंदनाचा ठराव कोणी मांडला होता? मीच.

१८ जून, रविवार
टेकडी राहिली. अ‍ॅडमिशनची रजिस्टरं. पुढच्या रविवारी नक्की.

२१ जून
अनीसचा दुसरा मेसेज. नाव काढलंय, पण 'ज्यांच्या ताब्यात किल्ली आहे ते गाढ झोपलेत' असं आहे. नियम पाच, उपहास. परत.
परतताना तो बाजारातच भेटला. म्हणाला, गुरुजी, राग सोडा, किल्ली द्या, दुकानातली बॅटरी मी स्वतः चढवून येतो, गाडी आहे माझी. मी म्हटलं, तोंडी नको, ग्रुपवर रीतसर लिहा. तो म्हणाला, लिहिलं की दोनदा. मी म्हटलं, सभ्य भाषेत. तो दुकानात शिरला. मग कोणाचा तरी टेपरेकॉर्डर उघडून बसला.
किल्ली देता आली असती. पण आज अनीसला दिली तर उद्या कोणीही मागेल. शिस्त एकदा गेली की गेली.

२५ जून, रविवार
मेहुण्याकडे जामसरला. भाताच्या आवणीचं जेवण. टाळणं बरं दिसत नाही.

२८ जून
तिसरा मेसेज. तीन शब्द. बॅटरी मेली. किल्ली.
परत. नमस्कार नाही, वाक्य अपूर्ण. माणूस सुधारायचा म्हणजे वेळ लागतो. चाळीस वर्षांच्या मुलांना शिकवणं आठवीपेक्षा कठीण.

५ जुलै
चौथा. नवेदने माझ्या आधीच स्क्रीनवर वाचला आणि इतका मोठ्याने हसला की शेजारच्या कॉम्प्युटरवरचा माणूस उठून उभा राहिला. मजकूर असा: सन्माननीय मॉडरेटरसाहेबांस सविनय सादर. टेकडीवरील श्रीमती बॅटरी दीर्घ आजाराने अत्यवस्थ आहेत. आपण सवड काढून भेटीस गेलात तर त्यांना फार बरं वाटेल.
दोनदा वाचलं. व्याकरण निर्दोष. ऱ्हस्व-दीर्घ सुद्धा. पण उपरोध आहे. नियम सहा. परत पाठवला, खाली एक ओळ जोडली: भाषेत लक्षणीय सुधारणा, असेच प्रयत्न चालू ठेवावेत.
नवेद म्हणाला, सर, पास करून टाका ना, बॅटरी तर खरंच गेलीय म्हणतात. मी त्याला समजावलं की प्रश्न बॅटरीचा नाही.

९ जुलै, रविवार
गेलो. टेकडीच्या पायथ्यापर्यंत. वर धुकं, वाट शेवाळलेली. खालून पाहिलं. खोपटं जागेवर आहे, खांब सरळ उभा आहे. खालून तरी काही बिघाड दिसला नाही. पाहणी झाली असं समजायला हरकत नाही.

१२ जुलै
पाच आठवड्यांत ग्रुपवर एकही भांडण नाही. वसईच्या मेंबरने ग्रुप सोडला, कारण दिलं नाही. या आठवड्यात दोन मेसेज आले. दोन्ही माझे. दोन्ही पास केले.

१९ जुलै, बुधवार
धो-धो पाऊस. फोन सकाळपासून बंद, म्हणून कॅफेही बंद. शाळा अर्ध्यावर सोडली. घरी येऊन रेडिओ सेट चालू केला आणि संध्याकाळपर्यंत जवळ बसलो. हवेत पूर्ण शांतता. एक कटू शब्द नाही. खरं तर शब्दच नाही. मे महिन्यात हेच लोक सेटवर सुद्धा एकमेकांना टोमणे मारायचे. नियमांचा परिणाम ईमेलवरून हवेत पोचला, ही लहान गोष्ट नाही. नियम बारा करण्याचा विचार: सेटवरची भाषा.

२० जुलै
दुपारी फोन सुरू झाले. चंद्रकलेचा फोन शाळेच्या ऑफिसात आला. हेडमास्तर समोरच होते.
काल पहाटेपासून खोडाळ्याजवळच्या पाड्यावरची सुकरी अडली होती. पहिलं बाळंतपण. मूल आडवं. उपकेंद्रात काही करता येण्यासारखं नव्हतं, जव्हारला न्यायला हवं होतं. सातला चंद्रकलेने रघु मास्तरांना उठवलं. ते सेटवर हाका देत राहिले, साडेआठपर्यंत. रिपीटरने एकही हाक पुढे टाकली नाही. मग त्यांनी मोखाड्याच्या जीपवाल्याकडे चिठ्ठी दिली. मोखाड्यातही फोन बंद. चिठ्ठी एका हातातून दुसऱ्या हातात जात जव्हारला पोचली. गाडी आली तेव्हा एक वाजून गेला होता.
सुकरी वाचली. मूल गेलं. मुलगी होती.
चंद्रकला एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. हेडमास्तरांनी विचारलं, सगळं ठीक ना? मी हो म्हटलं.
सातला मी घरीच होतो. अनीसचं दुकान आठला उघडतं, पण त्याचा सेट घरीही चालू असतो.

२२ जुलै, शनिवार
शांतपणे विचार केला. बॅटरी नवी असती तरी अशा पावसात चालली असती याची खात्री कोण देणार? ओल असते. वीज पडते. बॅटरी भरणाऱ्या सौर पॅनेलवर आठ दिवस ऊन नाही. शिवाय मूल आडवंच होतं. गाडी नऊला आली असती तरी काय झालं असतं, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत.
चंद्रकला घरी आली. हे सगळं तिला मुद्देसूद सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, अनीसभाईंनी पहिल्यांदा कधी लिहिलं होतं? चौदा जून, म्हटलं. किती दिवस झाले? मनात मोजले. पस्तीस. ती उठली. ताट बाजूला ठेवून मागच्या दारी जाऊन उभी राहिली. भात मी लावला. करपला.

२३ जुलै, रविवार
सकाळी अनीस दारात. रेनकोट, मोटरसायकलवर मागे बांधलेली बॅटरी. मला वाटलं, शिव्या देणार. उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने सरळ चंद्रकलेला सलाम केला, म्हणाला, भाभी, किल्ली. तिने कपाट उघडून दिली. कुठे असते ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं.
मी म्हटलं, मीही येतो. तो म्हणाला, गाडीवर जागा नाही गुरुजी.
दुपारी सेटवर आवाज आला. रघु मास्तर खोडाळ्यातून, अनीस टेकडीवरून. ऐकू येतंय का? स्वच्छ ऐकू येतंय.  मी बटण दाबलं. सोडून दिलं.

२५ जुलै
ग्रुपवर शोकसंदेश टाकला. 'एका दुर्दैवी घटनेने आपण सर्व व्यथित आहोत' अशी सुरुवात. भाषा चांगली जमली.
तासाभरात रघु मास्तरांचा मेसेज. एकच ओळ: नमस्कार, किल्ली कोणाकडे होती?
नियमावली काढली. अकराही नियम दोनदा वाचले. नाव नाही. उपहास नाही. नमस्कार आहे. वाक्य पूर्ण आहे. कुठलाच नियम लागत नाही. तसाच ठेवून घरी आलो.

२८ जुलै
झोप नीट नाही. कॅफेत जाऊन रघु मास्तरांचा मेसेज पास केला. मग अनीसचे चारही शोधून काढले आणि मी स्वतः ग्रुपवर टाकले. श्रीमती बॅटरीसकट. खाली लिहिलं, हे मी अडवले होते.  वाटलं, आता तुटून पडतील. पडू देत. आज काहीही अडवायचं नाही.
दोन तास बसलो. एकही उत्तर नाही.
नवेदला म्हटलं, लाइन गेली का? तो म्हणाला, लाइन चालू आहे सर. मग म्हणाला, हे सगळ्यांनी तेव्हाच वाचलंय. अनीसचाचांनी प्रत्येकाला वेगळं पाठवलं होतं. ग्रुपवर आता कोणी नसतंच सर, तुम्ही सोडून.

२ ऑगस्ट
राजीनामा लिहिला. कोणाला द्यायचा ते कळेना. स्वतःकडेच आला, पास केला.

६ ऑगस्ट, रविवार
सुकरीच्या पाड्यावर गेलो. चंद्रकलेला येतेस का विचारलं. म्हणाली, तुमचं तुम्ही जा. खोडाळ्यापासून पुढे पायी. काय बोलायचं ते दीड पानावर लिहून घेतलं होतं. तीन वेळा फाडून चौथ्यांदा.
सुकरी ओटीवर बसली होती. अठरा-एकोणीसची असेल, माझ्या बारावीच्या मुलींएवढी. तिची सासू पुतळी बाहेर आली. सर्व्हेवाला समजून तिने आधी रेशनकार्ड आणून दिलं. मी म्हटलं, ते नको, मी नर्सबाईंचा नवरा. तेव्हा तिने घोंगडी टाकली, काळा चहा दिला. म्हणाली, बाई लय चांगली. पोर गेली तं आमच्यासंगं बसून रडली. हे मला माहीत नव्हतं.
कागद काढायला खिशात हात घातला. तेवढ्यात म्हातारीने विचारलं, मास्तरचा तो मशीन आता बोलं का?
बोलतो, म्हटलं.
कोणी केला?
अनीसने केला, म्हटलं. जव्हारच्या.
मग बरा झाला, म्हणाली. आता दुसरी कोणी अडली तं गाडी येल.
दीड पानात अनीसचं नाव कुठेच नव्हतं. किल्लीही नव्हती. कागद आत तसाच राहू दिला. म्हटलं, किल्ली माझ्याकडे होती. म्हातारीला कळलं नाही. तिला वाटलं माझी काही वस्तू हरवली. ती उठून ओटीवर, घोंगडीखाली शोधायला लागली. मी नको नको म्हणत राहिलो.
सुकरी माझ्याकडे बघत होती. तिला कळलं असावं. रघु मास्तरांच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलीय. तिने माझा कप उचलला आणि आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.