टाकीतले पहिले दोन मासे

सातपूर, नाशिक
३ ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळे मजेत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड शाबूत आहे. भाऊजींच्या खोकल्याचं काय झालं?

नाशकात समुद्राचे मासे कुठले जगतात, म्हणून तू फोनवर हसली होतीस. तर ऐक, तुझ्या भाचीच्या, सृष्टीच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोन मासे ऐटीत फिरताहेत.

खरं तर मला मोठा निळा मासा हवा होता. गंगापूर रोडच्या दुकानात तो बघून मी हरखलोच. सृष्टी म्हणाली, तो वाढतो, आपली टाकी त्याला पुरणार नाही. पहिला मासा काटक हवा, आणि समुद्रातून धरून आणलेला नको, टाकीतच जन्मलेला हवा. तिने बोटाएवढे दोन क्लाउनफिश निवडले, केशरी अंगावर पांढरे पट्टे. एवढ्याशा माशांचं लोकांना काय दाखवायचं, असं मनात आलं.

मासे आणायच्या रविवारी मी कंपनीतली अख्खी शिफ्ट चहाला बोलावली. तू मला ओळखतेसच. सकाळी बघतो तर टाकी साफ ठेवणाऱ्या गोगलगायी मेलेल्या. सृष्टीने वाळू चाचपली, तर तांब्याचा जुना पैसा निघाला. आई गंगेत टाकते तसा तिने टाकीतही टाकला होता. विचारलं तर म्हणाली, "समुद्र घरी आला, त्याला रिकाम्या हातानं कसं भेटायचं? माझ्यानं नाय जमत."

खाऱ्या पाण्यात तांबं उतरलं की विषच. सृष्टीने दुकानात फोन करून मासे थांबवले. पाहुणे जिन्यात आले होते. मी चिडलो, म्हटलं, आजचा दिवस तरी आण. ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, लोकांना दाखवायला मी मासे मारणार नाही."

मग काय, सगळ्यांनी रिकाम्या टाकीकडे बघत भजी खाल्ली. आमच्या शिफ्टमधला राजू तर पाणी छान आहे म्हणाला. मला तोंड लपवायला जागा उरली नव्हती.

पोरीने सगळं पाणी, सगळी वाळू फेकली. नव्याने मिठाचं पाणी केलं, आणि पुन्हा महिनाभर रोज तपासत थांबली, मगच ते दोन मासे आणले. आजीला एका शब्दाने बोलली नाही. पैसा धुऊन तिच्या हातात दिला आणि म्हणाली, समुद्राला पोचला, आता हा प्रसाद देवघरात ठेव. ताई, एवढा ठामपणा आणि एवढी माया एका पोरीत कुठून आली? मला तिचा फार फार अभिमान वाटतो. कंपनीत आता सगळ्यांना तेच सांगत सुटलोय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. फोनवर जमेना. तुमच्या रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात तिला प्रवेश मिळालाय, पण हॉस्टेलमध्ये जागा नाही. तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, याचीसुद्धा मला घमेंड होती. शिवाय ती गेल्यावर घर कसं होईल, या विचाराने पेन पुढे सरकत नव्हतं.

काल तिने विचारलं, "पप्पा, आत्या काय म्हणाली?"

मी सांगून टाकलं, "आत्या म्हणाली, लगेच पाठव."

ताई, मला खोटं पाडू नकोस.

सृष्टीचा बाप आणि तुझा भाऊ,
खंडेराव