कपाळ पुसलेले फोटो

आई, तुला हे सांगायचं तर आधी इंटरनेट म्हणजे काय ते सांगावं लागेल, आणि ते मलाच धड कळलेलं नाही. जयनगरात आपल्या फुलवालीच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचं दुकान निघालंय, तिथून फोटो अमेरिकेला जातात, एवढं खरं. तिथली एक कंपनी ते छापून, बांधून, चक्क पुस्तक करून घरपोच पाठवते. दादा तिथूनच फोनवर म्हणाला, तू फक्त फोटो पाठव, बाकीचं मी इथून बघतो. दादा नेहमीच बाकीचं बघतो. अण्णांना आंघोळ घालणं, ते दार उघडून निघाले की चौकापर्यंत अनवाणी धावणं, हे त्याच्या बाकीच्यात येत नाही.

अण्णा विसरायला लागलेत. हळूहळू नाही गं, भराभर. मला ते अक्का म्हणतात, तेही अदबीनं, शेजारची कुणी असल्यासारखं. संध्याकाळ झाली की चपला घालून दारात उभे. तू बेळगावच्या गाडीनं येणार आणि तुला स्टेशनवर घ्यायला जायचं. तू गेलीस त्याला किती वर्षं झाली हे सांगितलं, की पहिल्यांदा ऐकल्यासारखे हमसून रडतात. रोज कुणी कसं सांगायचं? म्हणून मी म्हणते, गाडी लेट आहे अण्णा. मग बसतात. डॉक्टर म्हणाले, जुने फोटो दाखवत जा. दाखवले, तर अल्बममधून उचकटून, घडी घालून खिशात घालायला लागले. तुमचा लग्नातला फोटो तसाच धुण्यात गेला. म्हणून पानातून निघणार नाहीत असे फोटो हवे होते मला. सगळं जाऊ दे, त्यांच्याजवळ तुझा चेहरा तरी राहू दे, एवढंच मागत होते.

दुकानदार एकेक फोटो मशीनच्या काचेवर पालथा घालायचा आणि मी उतावीळ झाले की कानडीत म्हणायचा, "स्वल्प इरी अक्का," जरा थांबा. मी थांबायचे. शेवटी कंपनीचा प्रश्न आला, जुन्या फोटोंवरचे डाग काढून हवेत का? मी लगेच हो म्हटलं. बुरशीनं काय दशा झाली होती त्यांची! मनात म्हटलं, आई बघ, तुला कसं लख्ख करून आणते.

अजून दिसतं मला, तू स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी आहेस. गजाला आरसा टेकवलेला. बोटावर मेण, मग कुंकू, रुपयाएवढं, गोल. मागे फोडणी जळतेय, तरी गोल पुरा झाल्याशिवाय तू वळत नाहीस. मी कॉलेजातून कपाळ मोकळं ठेवून येते आणि तू उलथनं हातात घेऊनच विचारतेस, "कोण मेलंय गं आपल्याकडे?" मी म्हणते, फॅशन आहे. "फॅशन गेली चुलीत. अण्णा समोर बसलेत. त्यांच्यापुढे हे असलं कपाळ घेऊन फिरायचं नाही." अण्णा पेपरमागे हसतात. तू त्यांच्या आधी गेलीस तेव्हा बायका म्हणाल्या, भाग्याची हो, भरल्या कपाळानं गेली. मला त्या सगळ्यांचा संताप आला होता.

पुस्तक आलं. जाड, गुळगुळीत कागद, बांधणी अशी की ओढूनही पान निघू नये. पहिलं पान उघडलं. तुझं कपाळ कोरं. पुढच्या पानावर कोरं. मावशी, आत्या, आजी, सगळ्यांची कपाळं पुसलेली. काळ्या-पांढऱ्या फोटोत कुंकू काळंच दिसतं ना. तिकडे बसलेल्या कुणाला तरी तो डाग वाटला. मेल्यानं काम मात्र मन लावून केलंय. बुरशीचा एक ठिपका ठेवला नाही.

मी लपवायच्या आत अण्णांनी पुस्तक ओढून घेतलं. बराच वेळ बघितलं. मग हळहळले, "अरेरे. बिचारी. कधी गेला हिचा नवरा?"

"अण्णा, ही आई आहे. तुमची बायको."

"काहीतरीच काय अक्का! माझी बायको कुंकू लावते. हे एवढं." बोटांनी गोल करून दाखवलं त्यांनी.

मला रडू यायला हवं होतं, पण वेडी आशा उभी राहिली बघ. चेहरा गेला असेल, कुंकू आहे की शिल्लक! तुझा करंडा काढला. प्रत्येक पानावर तुझ्या कपाळाला बोट टेकवलं, तुझ्यासारखं, गोल होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, आता सांगा.

त्यांनी चष्मा नीट केला. वाकून पाहिलं. मग धोतराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि तुझं कपाळ पुसायला लागले. हळूच, तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तसं. "कुणी घाण केली गं ही? चांगल्या बाईच्या तोंडावर." मी हात धरला नाही. सगळी पानं पुसली त्यांनी, एकही सोडलं नाही.

दादाला सांगितलं. म्हणाला, तक्रार करू, पुन्हा छापून देतील. देतील की.

हा कागद पुस्तकात ठेवणार नाही, अण्णा घडी घालून खिशात टाकतील. कुठे ठेवू तेही सुचत नाही. एक सांगायचं राहिलं. परवापासून ते संध्याकाळी चपला घालत नाहीत. दाराकडे बघतसुद्धा नाहीत. काल दिवेलागणीला, कुणीच काही विचारलं नसताना, मी म्हणाले, "गाडी लेट आहे अण्णा."

ते म्हणाले, "कुठली गाडी?"